कॅमेरा घेतलाय, बाबा

डोंबिवली,
रविवार

ती. आई-बाबांना,
सा. न. वि. वि.

शनिवारी दादा गुहागरला येतोय, त्याच्याबरोबर एक पुडकं पाठवतेय. त्यात कॅमेरा आहे. पैसे देऊन झालेत, दुकानदार आता परत घेणार नाही, तेव्हा बाबा, "कशाला घेतलास" हे विचारू नका. विचारणार हे माहीत आहे म्हणूनच पत्र लिहायला बसले. फोनवर तुम्ही दोन मिनिटांत "बरं बरं, आईशी बोल" म्हणता आणि माझं सांगायचं राहून जातं.

आधी दुसरी गोष्ट सांगून टाकते. दिवाळीला आम्हाला यायला जमणार नाही. सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन वसुबारसेच्या आधी ठरलंय, आणि पहिले पंधरा दिवस त्यांच्याजवळ कोणीतरी हवंच. आई, तुला वाईट वाटेल आणि तू ते बोलून दाखवणार नाहीस, हे मला इथे बसून कळतंय. नाताळच्या सुट्टीत आम्ही तिघंही येतो, चांगले आठ दिवस. तोवर फराळाचा घाट एकटीने घालू नकोस. चकल्या बाहेरून आणा, एखाद्या वर्षी काही बिघडत नाही. आणि आम्ही येत नाही म्हणून त्या बदली कॅमेरा पाठवतेय असं दोघांनीही मनात आणू नका. हे माझ्या डोक्यात गणपतीपासून आहे.

गणपतीत दुसऱ्या दिवशीच्या आरतीला बाबांनी ताम्हन दादाच्या हातात दिलं. कोणी काही म्हणालं नाही, पण मी पाहिलं. बाबा, तुम्हाला लागेल असं काही लिहायचं नाहीये. हात थरथरतो तो वयाने आणि त्या दुखण्याने, त्यात तुमचं काही कमी झालेलं नाही. पण डॉक्टरांनी दोन गोष्टी सांगितल्या होत्या, गोळ्या आणि चालणं. गोळ्या होतात, कारण आई पाण्याचा पेला घेऊन समोर उभी राहते. चालणं मात्र बंद पडलंय. वरच्या पाटात नानाकाकांकडे तुम्ही पावसाळ्यापासून गेला नाहीत. चहाचा कप हातात घ्यावा लागतो म्हणून जात नाही, हे मला आईने सांगितलेलं नाही, तिच्यावर रागावू नका. माझं मला समजलं.

म्हणून कॅमेरा. घराबाहेर पडायला काहीतरी हातात हवं, आणि तुमच्या हातात कॅमेरा मी लहानपणापासून पाहिलाय. तो अॅग्फा क्लिक, बडोद्याला बनायचा तो. एका रोलात फक्त बारा फोटो यायचे, त्यामुळे आम्हाला पायरीवर उभं करून तुम्ही किती वेळ लावायचात! बटण दाबायच्या आधी श्वास रोखायचात. तुमचे खांदे जरा वर जायचे आणि तिथेच थांबायचे, ते मला अजून दिसतं. मीही मग श्वास रोखून धरायची. नंतर दादाच्या मुंजीला याशिका आला, पण हर्णैचा तो फोटो क्लिकमधलाच, आणि आपल्या घरात त्याच्यापेक्षा चांगला फोटो अजून कोणी काढलेला नाही.

फोन आहे की, असं तुम्ही म्हणाल. बाबा, फोन तुमच्यासाठी चांगला कॅमेरा नाही. काचेवर बोट टेकवायचं, आणि बोट जरा हललं की भलतंच काहीतरी उघडतं. उन्हात पडद्यावर काही दिसत नाही ते वेगळं. फोटो काढताना मध्येच कुणाचा तरी फोन येतो. गणपतीत तुम्ही तीनदा प्रयत्न करून फोन खिशात टाकलात, त्यात दोष फोनचाच होता. तुम्हाला खरोखरचं बटण हवं, बोटाखाली लागणारं, दाबलं की दाबल्याचं कळणारं.

आता कोणता घेतला ते सांगते, म्हणजे घाईत काहीतरी उचलून आणलं असं वाटायला नको. सोनीचा डब्ल्यू ८३० घेतलाय, २०१४ साली आलेलं मॉडेल. नवा आता मिळत नाही, म्हणून वापरलेलाच घेतला, फोर्टातल्या बोरा बाजारातून. आठ हजारांच्या आत पडला. वजन सव्वाशे ग्रॅमसुद्धा नाही, सदऱ्याच्या खिशात राहतो. आठ पट झूम आहे. पडद्याला हात लावून काही होत नाही, सगळं बटणांवर, आणि तेच मला हवं होतं. त्यात एक सोपा प्रकार आहे, तो लावला की पडद्यावरची अक्षरं मोठी होतात आणि नको ती निवड समोर येत नाही. तो मी लावूनच पाठवतेय.

पण मी हाच का धरून बसले त्याचं खरं कारण तुमचा हात. या कॅमेऱ्यात हात हलला की ते ओळखणारी एक बारीक यंत्रणा आहे, आणि हात ज्या बाजूला गेला त्याच्या उलट दिशेला आतलं एक भिंग सरकतं. फोटो निघतो तेवढ्या क्षणापुरती थरथर बरीचशी भरून निघते. सगळी नाही, बरीचशी. स्वस्तातल्या पुष्कळ कॅमेऱ्यांत ही सोय नसते. खोक्यावर "स्थिर" असं काहीतरी छापलेलं असतं, पण ते नुसतं चित्र मागाहून सारखं करणं असतं. याच जातीचा सोनीचा धाकटा डब्ल्यू ८००, दिसायला अगदी तसाच, त्यात भिंग हलत नाही. कोडॅकच्या नावाचा एक अगदी नवा कॅमेराही पाहिला, पेन्सिल सेलवर चालणारा. गुहागरला वीज जाते तेव्हा सेलवरचा किती सोयीचा, म्हणून मन फार ओढत होतं, पण त्यातही हे नव्हतं. कॅननचा इक्सस २८५ मात्र सर्व बाजूंनी सरस, झूमही बारा पट. पण हल्ली कॉलेजातली मुलं हेच जुने छोटे कॅमेरे शोधत फिरतात, त्यामुळे त्याची किंमत दुपटीच्याही वर गेलीय. तेवढे पैसे घालून आणला असता तर तुम्ही तो कपाटात जपून ठेवला असता आणि वापरला नसता. तुम्हाला मी ओळखते.

मेगापिक्सेल म्हणजे फोटोतले दहा लाख ठिपके, त्या आकड्याला मी भुलले नाही. ४ बाय ६ चा आपला नेहमीचा प्रिंट स्वच्छ यायला १२०० गुणिले १८०० ठिपके पुरतात, म्हणजे २२ लाखसुद्धा नाहीत. या कॅमेऱ्यात दोन कोटींच्या वर आहेत. मी तो निम्म्यावर, १० मेगापिक्सेलवर लावलाय. त्यातून भिंतीवर लावायचा मोठा फोटोही येईल आणि कार्डावर हजारो फोटो मावतील. बारा फोटोंचा हिशेब आता नाही बाबा. एका पक्ष्याचे वीस काढा, एकोणीस पुसून टाका.

वापरलेली वस्तू म्हणून काळजी करू नका, दुकानात उभं राहून नीट पाहून घेतलाय. लेन्स बाहेर येताना-आत जाताना खरखर होते का ते कान लावून ऐकलं. बॅटरी मारून भिंगात बुरशीचे धागे आहेत का पाहिलं. पांढऱ्या कागदाचा आणि आकाशाचा फोटो काढून मोठा करून बघितला, आत धूळ बसली असेल तर काळे डाग दिसतात. तळहाताने लेन्स झाकूनही एक काढला, पूर्ण काळा आला, एकही ठिपका चमकला नाही. दुकानदार कंटाळला होता, पण काही बोलला नाही. तळाशी कोपऱ्यावर एक ओरखडा आहे, बाकी कॅमेरा स्वच्छ आहे. बॅटरी जुनी होती म्हणून एक नवीही घेतली, दोन्ही पाठवतेय. पूर्ण चार्ज केली की दोनेकशे फोटो निघतात.

त्याला जमत नाही तेही सांगते. अंधारात हा फार कच्चा आहे. व्याडेश्वराच्या गाभाऱ्यात काढायला जाल तर दाणेदार, धुरकट येईल आणि फ्लॅश आठ-दहा फुटांपलीकडे पोचत नाही. उडत्या पक्ष्याचंही जमणार नाही, कारण ते भिंग तुमचा हात सावरतं, पाखरू नाही सावरत. पण परसातल्या जास्वंदीवर शिंजीर बसतो, विहिरीच्या रहाटावर सकाळी तो खंड्या असतो, त्यांचे येतील. भारद्वाज तर तुमच्या ओळखीचाच झालाय. आणि आता थंडी पडली की किनाऱ्यावर कुरव येतील, थव्याने वाळूत बसतात तेव्हा काढा. सुरूच्या बनापर्यंत रोज सकाळी गेलात तरी डॉक्टरांचं म्हणणं पुरं होतं.

आता ऐका, आणि हे सगळं करायचं आहे, "बघू" म्हणायचं नाही.

कॅमेऱ्याची दोरी आधी मनगटात, मग कॅमेरा हातात. दोरी मी जाड घालून घेतलीय. फोटो काढताना दोन्ही कोपरं अंगाला लावायची, किंवा गडगा, कठडा, झाडाचं खोड, जे असेल त्याला टेकायचं. बटण आधी अर्धं दाबा, बीप वाजून हिरवं दिसलं की पुरतं दाबा. आणि टायमर लावून ठेवलाय, तो काढू नका. बटण दाबताना जो झटका बसतो तो तेवढ्या वेळात शांत होतो, मग फोटो निघतो. झूम सावलीत पुरता ताणू नका, अर्ध्यावर ठेवा. पुरता ताणला की उजेड कमी शिरतो आणि फोटो हलतो. श्वास मात्र तुमचा तुम्ही रोखालच.

वाळूवर ठेवायचा नाही. पुळणीवर वारा सुटला असेल तर खिशातून काढायचासुद्धा नाही. लेन्स आत-बाहेर होते ना, त्या फटीत वाळूचा एक कण गेला तरी ती अडकते, आणि दुरुस्तीला कॅमेऱ्याइतकेच पैसे लागतात. घरी आल्यावर सुक्या मऊ फडक्याने पुसा. आई, तुझा जुना वायलचा पदर चालेल, धुतलेला. साबण, पाणी, खोबरेल काही लावायचं नाही.

आई, हा डबा तुझ्याकडे. पुडक्यात घट्ट झाकणाचा एक डबा आहे आणि ओल शोषणाऱ्या निळ्या खड्यांची पुरचुंडी. कॅमेरा रात्री त्यात. आपल्या खाऱ्या दमट हवेत लेन्सला बुरशी धरते, कपाटात कपड्यांत ठेवला तर पावसाळ्यात हमखास. तांदळाच्या डब्यात खुपसून ठेवू नकोस, तांदळाची पूड आत शिरते. खडे गुलाबी झाले की ते कढईत मंद आचेवर निळे होईपर्यंत परतायचे, गार झाले की परत डब्यात. रव्यासारखंच, तुला सांगायला नको. पण ती कढई मग स्वयंपाकाला वापरू नकोस, जुनी बाजूला काढ.

आणि आई, तूही काढ. तुला कोणी कधी कॅमेरा हातात दिला नाही, सगळ्या अल्बमांत तू डोक्यावर पदर घेऊन कडेला उभी आहेस. बाबांचा एक फोटो तू काढायचास, ओटीवरच्या आरामखुर्चीत, पेपर वाचताना. मला हवाय तो, माझ्या टेबलावर ठेवायला.

पहिले काही फोटो वाईट येतील बाबा. हललेले येतील. ते पाहून कॅमेरा बाजूला ठेवायचा नाही आणि मला "हात चालत नाही" असं सांगायचं नाही. हललेलेही पुसू नका, मी नाताळात आले की आपण दोघं बसून बघू, त्यातले कोणते ठेवायचे ते ठरवू. मग चिपळूणला जाऊन प्रिंट काढू आणि पुन्हा अल्बम लावू, कोपरे चिकटवून, तुम्ही लावायचात तसा. नानाकाकांना त्यांच्या अंगणातल्या सोनचाफ्याचा फोटो नेऊन द्या. त्यांच्याकडे चहा नको म्हणालात तरी ते समजून घेतील, आणि घेतलात तर अर्धा कप मागा. अर्धा कप हिंदकळत नाही.

झोपेची गोळी दहाच्या आत. रात्री दिवा न लावता न्हाणीघराकडे जायचं नाही, दोघांनीही. दादाला सांगितलंय, तो तिथे नवा दिवा लावून देईल, त्याला "राहू दे" म्हणू नका.

दादा रविवारी रात्रीच्या गाडीने निघेल. जमलं तर त्याच्याबरोबर थोडं कुळथाचं पीठ आणि आमसुलं द्या, इथली आमसुलं नुसती मिठाची असतात. जास्त नको, आई, अर्धा किलो पुष्कळ झालं.

तुमची,
मनू

ता. क. चार्जिंगची वायर पांढऱ्या पाकिटात आहे, वर लाल स्केचपेनने "कॅमेरा" लिहिलंय. फोनची वायर त्याला बसत नाही, तेव्हा कॅमेऱ्याची वायर त्या सगळ्या वायरींच्या पिशवीत टाकू नका.