पिल्लांवरची मरळ धरू नका

संपादक महोदय, नमस्कार.

1 जून ते 31 जुलै समुद्रात यांत्रिकी बोटींना मासेमारीची बंदी असते, का तर माशांची वीण असते, हे आता शाळकरी पोरांनाही पाठ झालंय आणि तुमच्या पेपरात दरवर्षी बातमी पण येते. पण गोड्या पाण्यातल्या माशांचं काय, त्यांची वीण पण पावसातच की! वलगणीचे, म्हणजे पहिल्या पावसात ओढ्यांतून वर चढणारे मासे पकडायला पब्लिक कर्जत-पालघर गाठतं ते सोडा, मी फक्त आपल्या आरेतल्या ओहोळांबद्दल आणि पवई तलावाच्या काठाबद्दल बोलतोय.

मरळ चक्क घरटं करते, हे कित्येकांना माहीतच नसतं. काठाला उथळ पाण्यात जिथे गवत दाट असतं तिथे नर-मादी मिळून ते तोडून बाजूला सारतात आणि मधे फूटभर गोल मोकळी जागा करतात, त्यात पिवळसर बारीक अंडी पाण्यावर तरंगत असतात. दीड-दोन दिवसांत ती फुटतात. मग लालसर-केशरी पिल्लांचा पुंजका फिरायला लागतो आणि मधूनमधून सगळी एकदम वर येऊन हवा घेतात, तेव्हा आजूबाजूचं पाणी शांत आणि तेवढ्याच जागेत पाऊस पडल्यासारखी बुडबुड. ती दिसली की समजायचं खाली आईबाप आहेत.

गळवाल्यांना हे बरोब्बर ठाऊक असतं. रबरी बेडूक लावलेला गळ त्या पुंजक्यातून ओढला की मरळ भूक नसली तरी पिल्लांसाठी झेपावते आणि अडकते. मग रील बनतं, लाइक्स मिळतात, आणि मागे राहिलेली पिल्लं बगळे, खंड्या, दुसरे मासे जो येईल तो साफ करतो. खाणाऱ्यांवर माझा राग नाही हो, मरळीचं कालवण मलाही आवडतं, पण नेमकी पिल्लांवरचीच कशाला?

दुसरं म्हणजे साफसफाई. पावसाआधी गाळ काढा, काढायलाच पाहिजे, 2005 कोण विसरलंय. पण आमच्या बाजूच्या तळ्यात ऐन जुलैत कंत्राटदाराच्या माणसांनी काठचं सगळं गवत ओरबाडून टाकलं, विचारलं तर म्हणे कचरा आहे साहेब. जलपर्णी काढा ना, काठाला गवताचा एक पट्टा सप्टेंबरपर्यंत राहिला तर काय बिघडतं?

हां, तळाला मातीत खोलगट खड्डे दिसले तर ते बहुतेक तिलापियाच्या नराने केलेले. तो आफ्रिकेतून आलेला मासा, मादी अंडी तोंडातच घेऊन फिरते, तिथे खुशाल गळ टाका.

नॅशनल पार्कात मासेमारीला कायद्यानेच मनाई आहे. बाकी ठिकाणी निदान जून ते ऑगस्ट मरळीच्या पिल्लांचा फोटो टाकून मराठी-हिंदीत बोर्ड लावावेत, आणि गळवाल्यांच्या ग्रुपनी आपणहून ठरवावं की पिल्लांवरची मरळ लागली तर तिथल्या तिथे, त्याच जागी सोडायची.

— एक वाचक, अंधेरी पूर्व