कातीण दिसली की चप्पल उचलू नका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

परवा रात्री शेजारी एकदम आरडाओरडा झाला म्हणून पळत गेलो, तर भिंतीवर तळहाताएवढी कातीण, म्हणजे घरात फिरणारा मोठा कोळी, आणि खाली चप्पल घेऊन चौघंजण, मी थांबा थांबा म्हणेपर्यंत मारली पण तिला. जवळ जाऊन बघितलं तर पोटाखाली नाण्यासारखी चपटी पांढरट पिशवी घट्ट धरलेली. अंडी होती ती. पिल्लं बाहेर येईपर्यंत मादी ती पिशवी अशीच पोटाशी घेऊन फिरते. लई वाईट वाटलं.

कातीण अंगावरनं गेली की फोड उठतात असं आपल्याकडं घरोघरी सांगतात, पण तसं नसतं हो. ते फोड बऱ्याचदा नागीण या आजाराचे असतात, नाहीतर एखादा किडा अंगावर चिरडल्यामुळं आलेले. कातीण जाळं पण लावत नाही, रात्री झुरळांच्या मागं पळून ती धरून खाते. हातात दाबून धरलीत तर चावेल, थोडं दुखेल, जिवाला काही होत नाही.

हिच्याच कुळातले कोळी वाळवंटात काय काय करतात ते वाचून मी थक्क झालो. सेब्रेनस नावाच्या गटातल्या जाती उत्तर आफ्रिकेच्या, अरबस्तानाच्या वाळूत राहतात. त्यातली मोरोक्कोतल्या एर्ग चेब्बी या वाळूच्या टेकड्यांतली जात २०१४ साली कोळ्यांचे अभ्यासक पीटर येगर यांनी जगापुढं आणली, ती वाळूत रेशमी धाग्यांनी नळीसारखं बीळ करते, दिवसा आत, रात्री बाहेर, आणि जिवावर बेतलं की चक्क कोलांट्या मारत पळते, चढावरसुद्धा, आणि चालण्याच्या दुप्पट वेगानं! बर्लिनचे प्राध्यापक इंगो रेशेनबर्ग यांनी ते बघून तसा चालणारा यंत्रमानव बनवला, जातीला नाव पण त्यांचंच, सेब्रेनस रेशेनबर्गी. तिकडं दक्षिण आफ्रिका खंडातल्या नामिबच्या वाळवंटात याच कुळातला दुसरा एक कोळी पाय दुमडून चाकासारखा वाळूच्या उतारावरनं गडगडत सुटतो, कारण मागं कोळ्यांची शिकार करणारी गांधीलमाशी लागलेली असते, ती डंख मारून त्याला लुळा करते आणि अंगावर अंडं घालते. अशा गांधीलमाश्या आपल्याकडं पण आहेत, शेताच्या बांधावर कोळी ओढत नेताना मी स्वतः बघितल्यात.

आपल्या सोलापुरात नान्नजचा माळ म्हटलं की फक्त माळढोक आठवतो. त्याच माळावर रात्री बॅटरी कपाळाशी धरून बघा, गवतात कोळ्यांचे डोळे चमचमताना दिसतात. आपल्या पेपरनं मुलांच्या पानावर या जिवांची माहिती फोटोसकट द्यावी ही विनंती.

आणि घरात कातीण दिसलीच तर वरनं डबा उपडा घाला, खालनं पुठ्ठा सरकवा आणि अंगणात नेऊन सोडा, दोन मिनिटांचं काम आहे.

आपला,
एक वाचक, सोलापूर