आई-बाबा, मला त्याच दिवशी कळवा

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

आपल्यामधे फक्त एक भिंत आहे आणि तरी मी पत्र लिहायला बसलेय. गेले तीन आठवडे घरात खोकी, चिकटपट्टी आणि फोन याशिवाय दुसरं काही चाललेलं नाही. मला जे बोलायचंय ते काढलं की आई, तू उठून काहीतरी आवरायला लागतेस आणि बाबा, तुम्ही "होईल सगळं नीट" म्हणून विषय मिटवता. म्हणून लिहून ठेवतेय. आम्ही विमानात बसल्यावर वाचा.

नोकरीचं सांगितलं त्या दिवशी तुम्ही दोघं लगेच "जा" म्हणालात. मी रात्रभर त्या "जा"चा विचार करत होते. तुमची एकुलती एक मुलगी नवरा-मुलांना घेऊन परदेशात राहायला जायचं म्हणते आणि तुम्ही एक प्रश्नसुद्धा विचारत नाही. किती दिवसांसाठी, हेही नाही. मला अडखळायला होऊ नये म्हणून तुम्ही आपलं मन गिळलंत, हे मला दिसलं. त्याबद्दल मी जन्मभर ऋणी राहीन. पण हीच तुमची सवय मला तिकडे सर्वांत जास्त छळणार आहे आणि त्यासाठीच हे पत्र आहे.

चार वर्षांपूर्वी बाबांच्या हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट टाकला, ते मला ते घरी आल्यानंतर कळलं. धाकटी तेव्हा दोन महिन्यांची होती, म्हणून तुम्ही सांगितलं नाहीत. त्या दिवशी दुपारी मी नेहमीसारखा फोन केला होता. आई, तू म्हणालीस, "अगं, जेवणं झाली, आता पडतोय जरा." मागून कुणीतरी मोठ्याने एक आडनाव पुकारलं आणि "नातेवाईक कोण आहे?" असं विचारलं. मला वाटलं टीव्ही चालू आहे. तो आवाज अजून माझ्या कानात आहे. तुझ्या हातात फोन, दाराआड बाबा, आणि तू मला जेवणं झाल्याचं सांगत होतीस. तू एकटी त्या बाकावर बसली होतीस याचं मला जेवढं वाईट वाटतं, तेवढं त्या आजाराचंही वाटत नाही.

तेव्हा मी एका रात्रीच्या गाडीच्या अंतरावर होते. आता तसं नाही. सुरुवातीचे काही आठवडे राहण्याच्या परवान्याचं कार्ड आमच्या हातात नसेल. तोवर देशाबाहेर पडायचं तर परत आत येता येईल ना, हे आधी तिथल्या कार्यालयात विचारावं लागतं. मग तिकीट, मग प्रवास. तुम्ही दोन दिवस थांबून कळवलंत तर माझे ते दोन दिवस फुकट गेले. छातीत कळ आली, पाय घसरला, ताप उतरत नाही, काहीही असो, त्याच दिवशी मला फोन करा. मी घाबरेन. घाबरू द्या. तुमच्यासाठी घाबरण्याचा माझा हक्क काढून घेऊ नका.

मीही लपवणार नाही. आमच्या कंपनीतल्या ज्या बाई बदलीवर जाणाऱ्यांची तयारी करून घेतात, त्यांनी मला सांगितलं, की परदेशी गेलेली माणसं मुदतीआधी परत येतात ती पुष्कळदा कामाला कंटाळून नव्हे, सोबत आलेल्या घरच्यांचा जीव तिथे रमत नाही म्हणून. कालेर्वो ओबर्ग नावाच्या मानववंशशास्त्रज्ञाने १९६० साली परक्या देशात रुळण्याचे टप्पे लिहून ठेवलेत. आधी सगळं छान छान वाटतं. मग प्रत्येक गोष्टीचा राग यायला लागतो, माणूस घरच्या आठवणीने हळवा होतो, आणि पुढे हळूहळू बस्तान बसतं. तेव्हा दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात मी फोनवर चिडचिड केली किंवा रडले, तर तो मधला टप्पा आहे असं समजा. "परत ये" म्हणायची घाई करू नका आणि गप्पही बसू नका. ऐकून घ्या, तेवढं पुरे.

मला जास्त काळजी तुमच्या जावयांची आहे. त्यांचा व्हिसा माझ्या नोकरीला बांधलेला. चौदा वर्षांची चालती नोकरी सोडून ते माझ्या कामासाठी येतायत आणि तिकडे त्यांना काम मिळेपर्यंत किती दिवस जातील, सांगता येत नाही. बाबा, तुम्ही फक्त माझ्याशी बोलून फोन ठेवू नका. त्यांनाही फोनवर बोलवा. "काम मिळालं का?" असं विचारू नका. दिवस कसा गेला, ते विचारा.

आता मुलांचं. थोरल्याला तिकडच्या भाषेचा एक शब्द येत नाही. परक्या भाषेच्या वर्गात गेलेली कितीतरी मुलं काही आठवडे, कधी काही महिने, वर्गात तोंडच उघडत नाहीत. ती ऐकत असतात, साठवत असतात. त्यामुळे तो शाळेत गप्प असतो असं मी सांगितलं तर धसका घेऊ नका. मला उलटी भीती आहे. नवी भाषा त्याला येईलच, मराठी जाईल. धाकटीचं तर बोलणं अजून पुरतं पक्कंही झालेलं नाही. घरात आम्ही दोघं मराठीत बोलूच, पण मुलांना भाषा टिकवायची तर ती बोलायला जिवाभावाचं माणूस लागतं. ते काम तुमचं. त्यांनी दुसऱ्या भाषेत उत्तर दिलं तरी तुम्ही मराठीतच बोला. रविवारचा तासभर नको, रोजची दहा मिनिटं हवीत. आई, तू झोपताना सांगतेस ती गोष्ट रोज थोडी सांग, अर्ध्यावर सोड. दुसऱ्या दिवशी धाकटीच फोन लाव म्हणून माझ्या मागे लागेल.

तिकडचं घड्याळ आपल्या मागे आहे. माझी दुपारची सुट्टी म्हणजे तुमची संध्याकाळ, फोन तेव्हाच करेन. उन्हाळ्यात ते लोक घड्याळ तासभर पुढे घेतात, तेव्हा तुमच्याकडे फोन तासभर लवकर वाजेल. पहिल्या आठवड्यात मात्र वेळीअवेळी येईल. पश्चिमेला गेलं की पहाटे तीनलाच डोळे उघडतात, मुलांचे तर हमखास. शरीराला साधारण रोज एखाद्या तासाचा फरक पचतो म्हणतात.

कागदपत्रांचं थोडक्यात. आमच्या लग्नाच्या आणि मुलांच्या जन्माच्या दाखल्यांवर ॲपोस्टिलचा शिक्का झालाय. हेगच्या १९६१ च्या करारातले देश तो मान्य करतात, पुन्हा वकिलातीत जावं लागत नाही. त्याच्या प्रती निळ्या फाइलीत आहेत. मुखत्यारपत्रावर मी सही केलीय, त्याची मूळ प्रत कपाटात आहे. तुमच्या गोळ्यांची यादी दोन ठिकाणी लावलीय, औषधाचं मूळ नाव आणि मात्रा लिहून, कारण कंपनीचं नाव दुकानागणिक बदलतं. एक फ्रिजवर, एक बाबांच्या पाकिटात. ती काढून ठेवू नका. आणि तुमचे पासपोर्ट. मुदत संपायला सहा महिन्यांहून कमी उरले की बरेच देश आत घेत नाहीत. दोघांचे याच महिन्यात नव्याने करायला द्या. तुम्ही येणारच आहात, असं धरून मी घर बघणार आहे, एक खोली जास्तीची.

काल सामान उचलायला माणसं यायच्या आधी तुम्ही दोघं पुढच्या खोलीत बसला होतात. मी दारातून बघत होते. बाबा जाड मार्करने खोक्यावर आकडा घालत होते आणि वहीत त्या आकड्यापुढे आत काय आहे ते लिहीत होते, अगदी बारीक अक्षरात, समास सोडून. आई, तू एकवीस नंबरचं खोकं पुन्हा उघडलंस. थोरल्याच्या बुटांची नवी जोडी बाहेर काढलीस, अंगठ्याने पुढची जागा दाबून पाहिलीस आणि म्हणालीस, "बोटीने जायला दोन महिने लागतील ना? तोवर ह्याचा पाय वाढेल. हे पायातच घालून ने." बाबांनी काही न बोलता वहीत त्या ओळीवर एक रेघ मारली.

एवढी बारीक काळजी मला इतक्या लांबून घेता येणार नाही तुमची. म्हणून म्हणते, सांगत जा.

ती वही तुमच्याकडेच राहू दे. मी तिचे फोटो काढून घेतलेत. बोट पोचली, सामान घरी आलं की मी तुम्हाला व्हिडिओ कॉल लावेन. एकेक खोकं फोडताना आकडा मोठ्याने वाचेन, बाबा, तुम्ही वहीत खूण करा. एकूण त्रेपन्न आहेत. एका दिवसात व्हायचं नाही, रोज थोडी थोडी उघडू.

तुमची लेक