‘दिल्ली’ दीवला होती, अंजदीवला ‘म्हैसूर’

संपादक महोदय,

गोवा मुक्तिदिनाच्या मजकुरात ‘आयएनएस दिल्ली’चं नाव आलं की दोन चुका वारंवार दिसतात. तिला कारवारजवळच्या अंजदीव बेटावर नेऊन ठेवलं जातं, नाहीतर शेजारी १९९७ सालच्या त्याच नावाच्या विनाशिकेचा फोटो लागतो. १८ डिसेंबर १९६१ ला अंजदीवच्या कारवाईत ‘म्हैसूर’ आणि ‘त्रिशूल’ होत्या. ‘दिल्ली’ दीवसमोर होती. तिथल्या किल्ल्यावर तिनं तोफा डागल्या.

जुने फोटो ओळखणं अवघड नाही. ‘दिल्ली’ आणि ‘म्हैसूर’ दोन्ही हलक्या क्रूझर युद्धनौका, दोघींच्या मुख्य तोफा सहा इंची, दोघींना तीन-तीन टरेट, म्हणजे तोफा बसवलेले फिरते बुरूज. धुराडी मोजा: ‘दिल्ली’ला एकच रुंद धुराडं, ‘म्हैसूर’ला दोन. टरेटमधून बाहेर आलेल्या नळ्याही मोजा: ‘दिल्ली’च्या दोन, ‘म्हैसूर’च्या तीन.

‘दिल्ली’ म्हणून छापलेल्या फोटोत चार टरेट दिसले, तर ती अजून ‘अकिलिस’ आहे; न्यूझीलंडकडे असताना ‘दिल्ली’चं हे नाव होतं. १३ डिसेंबर १९३९ ला दक्षिण अमेरिकेजवळच्या रिव्हर प्लेटच्या लढाईत ‘ग्राफ श्पे’ या जर्मन युद्धनौकेच्या अकरा इंची तोफांपुढे ती या चारांनिशीच उभी राहिली. जवळ फुटलेल्या गोळ्याच्या ठिकऱ्या लागून चार नौसैनिक गेले, तोफांना नेम देणाऱ्या डायरेक्टर मनोऱ्यालाही मार बसला. पण घोटाळा झाला तो वायरलेस बंद पडल्याने. तोवर ‘अकिलिस’ आणि सोबतची ब्रिटिश क्रूझर ‘एजॅक्स’ एकाच नेमाने मारा करत होत्या. आता ‘अकिलिस’ स्वतंत्रपणे मारू लागली, याचा वरच्या टेहळणी विमानाला पत्ता नव्हता. तिचे अलीकडे पडणारे गोळे विमानाने कळवले, ‘एजॅक्स’ने ते आपलेच समजून पल्ला वाढवला आणि तिचा मारा शत्रूच्या पार पलीकडे जाऊ लागला.

चौथा टरेट गेला ५ जानेवारी १९४३ ला, पॅसिफिकमधल्या न्यू जॉर्जिया बेटाजवळ, जपानी बॉम्बने. त्यात १३ जण मेले. ब्रिटनमधल्या पोर्ट्समथच्या दुरुस्तीत त्याच्या जागी विमानवेधी तोफा बसल्या. म्हणून १९४८ मध्ये आपल्याकडे आलेल्या ‘दिल्ली’च्या पुढे दोन आणि मागे एकच टरेट दिसतो.

३० जून १९७८ ला ती निवृत्त झाली. मागचा तो टरेट भारताने न्यूझीलंडला भेट दिला. ऑकलंडच्या डेव्हनपोर्ट नौदल तळाच्या प्रवेशद्वाराशी तो उभा आहे. दीवसमोर तिच्यावर होता तोच.

– एक वाचक, रत्नागिरी