प्रसंगाचे साल पाहून खुर्ची निवडावी

संपादक महोदय,

शाहू जयंती, शिवराज्याभिषेक दिन आणि पन्हाळ्यावरील कार्यक्रमांच्या निमित्ताने कोल्हापुरात ऐतिहासिक प्रसंग उभे करण्याची हौस चांगलीच रुजली आहे. पगडीची ठेवण, अंगरख्याचे बंद, तलवारीची मूठ यांची तालीम मंडळे आणि शाळा मनापासून चौकशी करतात. बसण्याच्या साहित्याचा विचार मात्र अखेरच्या दिवशी होतो आणि मांडववाल्याकडची लोखंडी नळीची घडीची खुर्ची मखमली कापड पांघरून रंगमंचावर येते. नळीच्या पोलादाचे फर्निचर 1925 नंतरचे. त्यामुळे 1922 साली निधन झालेल्या राजर्षी शाहू महाराजांच्या कोणत्याही प्रसंगात ती खुर्ची बसत नाही, मग त्याआधीच्या काळाचे तर बोलायलाच नको.

शिवकाळातील प्रसंगाला घडीची खुर्ची शोधण्याची गरजच नाही. गादी, लोड आणि जाजम नीट अंथरले, की दरबार शोभतो. खरा प्रश्न येतो तो इंग्रजांची छावणी दाखवताना. 1844 चा गडकऱ्यांचा उठाव किंवा 1857 मध्ये येथील 27 व्या नेटिव्ह इन्फंट्रीने केलेला उठाव दाखवायचा असेल, तर साहेबाच्या तंबूत फुलीच्या आकारात मिटणारे, कातडी बैठकीचे लाकडी स्टूल ठेवावे. अनेक संग्राहकांची आवडती रूरकी खुर्ची, म्हणजे सुटी करून बांधून नेता येणारी लष्करी खुर्ची, तेथे चालणार नाही, कारण ती एकोणिसाव्या शतकाच्या अगदी अखेरीस आली. लाकडी दांड्यावर कापड ताणलेली, जहाजावर वापरली जाणारी आरामखुर्चीही तशीच नंतरची; तिचे इंग्लंडमधील पेटंट 1886 चे आहे.

रूरकी खुर्ची शाहूकालीन लष्करी तळ किंवा शिकारीचा मुक्काम दाखवण्यासाठी मात्र अत्यंत योग्य आहे, आणि तिची रचना समजून घेण्यासारखी आहे. चार खरादी पाय आणि त्यांच्या भोकांत निमुळत्या टोकांनी अडकणारे आडवे दांडे एवढाच तिचा सांगाडा असतो. सरस नाही, खिळा नाही. कातड्याची किंवा कॅनव्हासची बैठक आणि बक्कल लावलेले पट्टे ताणले, की सांधे घट्ट होतात आणि सांधे पक्के जखडलेले नसल्यामुळे खुर्ची उंचसखल जमिनीवरही चारही पायांवर टेकते. पट्टे सोडले की काही क्षणांत तिची मोळी बांधता येते. आपल्या शहरात खराद चालवणारे सुतार आहेत आणि चपलांसाठी बाभळीची साल व हिरडा वापरून कातडे कमावण्याची परंपराही आहे. तेव्हा अशी खुर्ची येथेच करून घेणे अवघड नाही.

अस्सल जुनी खुर्ची मिळाली, तरी कलाकाराला तिच्यावर बसवू नये, असे माझे ठाम मत आहे. वरून धड दिसणारे शंभर वर्षांचे कॅनव्हास वजन पडताच शिवणीपाशी फाटते, आणि भुंग्याने आतून पोखरलेला दांडा बाहेरून ओळखू येत नाही. अस्सल वस्तू मापे घेण्यासाठी वापरावी, बसण्यासाठी तिची प्रतिकृती करावी. जुनी म्हणून विकत घेताना स्क्रूची डोकी आधी पाहावीत: फुलीची खाच असेल, तर तो स्क्रू 1930 च्या दशकातला किंवा त्यानंतरचा. तो दुरुस्तीत बसवलेला असू शकतो, म्हणून भोकाच्या कडा आणि सांध्यांवरील झीजही तपासावी. प्लॅस्टिकचा वेत आणि काचेसारखे चकाकणारे पॉलिश दिसले, तर विक्रेत्याने सांगितलेल्या सालावर विसंबू नये. जुने लाखेचे पॉलिश मात्र खरवडू नये. ते गेले की वस्तूचा पुरावाच जातो.

जुन्या छायाचित्रांचा आधार जरूर घ्यावा, परंतु स्टुडिओत काढलेल्या छायाचित्रातील खुर्ची बहुधा छायाचित्रकाराची असते. घरात किंवा कचेरीत तीच होती, असे त्यावरून ठरत नाही. माणगाव परिषदेसारखा 1920 चा प्रसंग करणाऱ्यांनी म्हणूनच उघड्यावर टिपलेली त्या काळातील समूहचित्रे पाहावीत. व्यासपीठासाठी साधी, वेताच्या बैठकीची लाकडी खुर्ची पुरेशी आहे.

जिल्ह्यातील संग्रहालयांनी आणि जुन्या वाड्यांच्या मालकांनी आपल्याकडील अशा खुर्च्यांची मापे व छायाचित्रे घेण्याची परवानगी मंडळांना द्यावी, आणि ती 26 जूनच्या शाहू जयंतीच्या किमान दोन महिने आधी द्यावी, कारण लाकूड कापून खरादावर चढवायला आणि कातडे तयार करायला तेवढा अवधी लागतोच.

आपला नम्र,
एक वाचक, मंगळवार पेठ, कोल्हापूर