जुन्या जीपचे ब्रेक पाईप बदला, जोडत बसू नका

संपादकसाहेब, नमस्कार,

चवथ आटपली की दूधसागर धबधब्याच्या टुरिस्ट जीप कधी सुरू होणार, भाडं किती, कुळ्याला पार्किंग कुठं, या बातम्या पेपरात येतात आणि त्या यायलाच पाहिजेत, पण आपल्या गोव्यात रानात, बागायतीत, घाटात अजून ज्या जुन्या जीप चालतायत त्यांच्या ब्रेकबद्दल कोणी चार ओळी लिहिलेल्या मी तरी वाचल्या नाहीत, म्हणून हे पत्र. थोडं लांबेल, पण जमलं तर पूर्ण छापा.

सत्तरी तालुक्यात आमची काजूची बाग आहे आणि तिथं वडलांच्या वेळची महिंद्रा सीजे थ्री बी आहे. विलीजनं हे मॉडेल १९५३ ला काढलं आणि महिंद्रानं पुढं कित्येक वर्षं ते आपल्या देशात बनवलं. काजूच्या दिवसात बी आणि नंतर नारळ हीच गाडी वाहते, त्यामुळं तिच्या खाली पडून काम करायची सवय आहे. गेला पावसाळा संपल्यावर माझ्या भाच्यानंही तसलीच एक जुनी जीप घेतली, विकणाऱ्यानं सांगितलं ब्रेक सगळे नवीन केलेत, आणि खरंच पेडल कडक होतं, सपाट रस्त्यावर गाडी जागच्या जागी थांबायची. आम्ही ती खालून बघितली. मागच्या ॲक्सलवरचा अर्धा पाईप म्हणजे फ्रीज दुरुस्तीवाल्याकडची तांब्याची नळी, ती जुन्या लोखंडी पाईपाला ब्रेझिंग करून म्हणजे पितळ वितळवून जोडलेली, आणि नटांवर नळवाल्याची पांढरी टेप गुंडाळलेली. उरलेल्या लोखंडी पाईपावर जिथं क्लिप होती तिथं तांबडी माती घट्ट बसलेली, क्लिप काढून स्क्रू ड्रायव्हरनं माती खरवडली तर मातीबरोबर पाईपाचा पापुद्राच निघून आला आणि आतनं ऑईल पाझरायला लागलं. म्हणजे तेवढ्या मातीनंच ते धरून ठेवलं होतं.

ज्यांना जीप माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. या जुन्या गाड्यांना ब्रेकचं सर्किट एकच असतं, एका मास्टर सिलेंडरमधून, म्हणजे पेडल दाबलं की ब्रेक ऑईल ढकलणाऱ्या पंपातून, चारी चाकांना ऑईल जातं. आजच्या गाडीत एक बाजू गेली तरी दुसरी थोडंफार धरते, इथं पाईप कुठंही फुटला की चारी चाकांचा ब्रेक एकदम जातो, पेडल सरळ फ्लोअरला. मग राहतो हँडब्रेक, आणि तो या जीपला चाकांवर नसतोच, ट्रान्सफर केस म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारा गिअरबॉक्स, त्याच्या मागं चाकांकडं जाणाऱ्या प्रॉपेलर शाफ्टवर असतो, गाडी उभी करून ठेवायला ठीक आहे पण चोर्ला घाट उतरताना भरलेली गाडी त्याच्यावर थांबवायची म्हणजे अवघडच. आणि पाईप फुटतो तो दारात उभ्या गाडीत सहसा फुटत नाही, फुटतो जोरात पाय मारल्यावर, कारण तेव्हाच दाब चौरस इंचाला हजार पाउंडापर्यंत चढतो, म्हणजे जेव्हा ब्रेक सगळ्यात जास्त हवा असतो नेमका तेव्हाच.

आपल्याकडं हा पाईप सडतोही लवकर. खारी हवा, चार महिने पाऊस, त्यात ओहोळातनं गाडी घालायची आणि तशीच चिखलासकट उभी करायची. पाईप मुळात ३/१६ इंचाचा, पेन्सिलीपेक्षा बारीक, आणि त्याच्या भिंतीची जाडी पाऊण मिलिमीटरसुद्धा नाही. वरनं काळा रंग मारला की सगळं छान दिसतं.

आता तांब्याबद्दल, कारण बरेच मेस्त्री अजून तेच लावतात आणि मालकाला वाटतं तांब्याला गंज नाही म्हणजे चांगलंच. साधं तांबं गाडीच्या थरथरीनं हळूहळू कडक होत जातं आणि मग फ्लेअरच्या, म्हणजे पाईपाच्या पसरवलेल्या तोंडाच्या, गळ्याशी चीर पडते, बाहेरून काही कळत नाही. ते ब्रेकसाठी नाहीच. एकतर दुहेरी भिंतीचा स्टीलचा पाईप वापरा, ज्याला बंडी ट्यूब म्हणतात, कोटिंग केलेला, नाहीतर कुप्रोनिकेल म्हणजे ९० टक्के तांबं आणि १० टक्के निकेलचा पाईप मागवा, तो गंजत नाही आणि हातानं वाकतो पण. जहाजांच्या खाऱ्या पाण्याच्या पायपांना हाच धातू वापरतात, वास्कोला गोदीत काम केलेल्या माणसाला विचारा तो सांगेल. महाग पडतो, पण एका जीपला लागतो तरी किती.

पाईपाचं तोंड कसं करतात हा खरा मुद्दा आहे. जुन्या जीपला डबल फ्लेअर लागतो, ४५ डिग्रीचा, म्हणजे पाईपाची कड आधी डाय घालून आत दुमडायची आणि मग कोन दाबायचा, म्हणजे तोंडाशी पत्रा दोन थराचा होतो. घाईत सिंगल फ्लेअर केला की स्टील तिथंच तडकतं. पाईप सरळ कापायचा, आतबाहेरची धार कानसून काढायची, नट आधी पाईपात सरकवून ठेवायचा (हे विसरलं की फ्लेअर कापून परत करावा लागतो), आणि झालेलं तोंड उजेडात धरून बघायचं, कोन एका बाजूला कललेला असला किंवा बारीक रेघ जरी दिसली तरी कापून टाकायचं. लीक थांबवायचं काम हे तोंड करतं, आटे नाही, त्यामुळं टेप लावून काही होत नाही, उलट टेपचे तुकडे आत जाऊन मास्टर सिलेंडरची बारीक भोकं बंद करतात. आणि एसी, फ्रीजला वापरतात त्या रिंगवाल्या कॉम्प्रेशन युनियन ब्रेकला कृपा करून लावू नका.

दुसरा घोळ नटांचा. जुन्या जीपचे नट इंचातले, ३/८ चे, इंचाला २४ आटे. नंतरच्या बऱ्याच गाड्यांचे मेट्रिक, एम १० बाय १ म्हणजे १० मिलिमीटरचे, आणि त्यांचं फ्लेअरचं तोंडही वेगळं, बुडबुड्यासारखं गोल. आता कोणी दुसऱ्या गाडीची टी (तीन तोंडांचा जोड) किंवा सिलेंडर आणून बसवला की ३/८ चा नट एम १० च्या भोकात सैल सैल जातो, शेवटी आवळल्यासारखाही वाटतो, आणि दाब आला की आटे सोडतो. म्हणून नवीन फिटिंग घेताना जुना नट खिशात घेऊन दुकानात जा, व्हर्नियर लावून बघा, दुकानदार कंटाळला तरी चालेल.

काढताना साध्या पान्यानं नट गोल होतात, फ्लेअर नटचा पाना घ्या, आदल्या रात्री गंजाचं ऑईल मारून ठेवा. जुना पाईप फेकू नका, नवीन वाकवायला तोच नमुना. वाकवायचा तर बेंडरवर, गुडघ्यावर नको. सायलेन्सरपासून लांब ठेवायचा, वीत दीड वीत अंतरावर क्लिप, आणि क्लिपखाली रबर, म्हणजे माती साठून पाईप घासणार नाही.

पाईप बदलताना रबरी होज पण बदलाच. फ्रेमवरून ॲक्सलवर येताना आणि पुढच्या वळणाऱ्या चाकांकडं जाताना हे होज असतात, बाहेरून चांगले दिसतात पण आतनं फुगून नळी इतकी बारीक होते की ऑईल जातं आणि परत येत नाही, मग चाक धरून राहतं, ड्रम तापतो आणि लोक ब्रेक शू बदलत बसतात. होज जिथं पोकळ बँजो बोल्टनं बसतो तिथले तांब्याचे वॉशर दर वेळी नवीन. बसवल्यावर स्टिअरिंग दोन्ही बाजूला पूर्ण फिरवून होज कुठं ताणतो का, टायरला लागतो का ते बघायचं.

ब्रेक ऑईलचं पण तेच. डॉट ३ नावाचं नेहमीचं ब्रेक ऑईल हवेतलं पाणी ओढतं. नवीन असताना ते २०५ डिग्रीपर्यंत उकळत नाही, पाणी मुरलं की १४० पर्यंत खाली आलं तरी चालतं असं त्याचं स्टँडर्डच आहे, आणि आपल्या दमट हवेत गेल्या वर्षीची फोडलेली बाटली गॅरेजच्या फळीवरून काढून ओतायची म्हणजे घाटात पेडल स्पंज होणार. तेच पाणी पाईप आतनं पण सडवतं. वर्ष-दोन वर्षांनी सगळं ऑईल बदला. पाईपातली एअर काढताना मास्टर सिलेंडरपासून सगळ्यात लांबच्या चाकापासून सुरुवात, आपल्या उजव्या स्टिअरिंगच्या जीपला मागचं डावं आधी. सगळं झाल्यावर एकानं पेडल पूर्ण ताकदीनं दाबून मिनिटभर धरायचं आणि दुसऱ्यानं खाली झोपून प्रत्येक जोडाला कोरडा कागद लावून बघायचा, कागद ओला झाला तर परत खोला.

जुनी गाडी ओरिजिनल ठेवायची म्हणून पाईप बदलत नाही असं म्हणणारे हौशी लोकही भेटतात. २०२१ च्या केंद्राच्या विंटेज नियमात ५० वर्षांवरच्या गाडीला व्हीए हा विंटेजचा खास नंबर मिळतो, १० वर्षांसाठी, नवीन नोंदणीची फी २०,००० रुपये, आणि गाडी मूळ रूपात पाहिजे हे खरं, पण तो नियम चासी, बॉडी, इंजिनातल्या बदलांबद्दल बोलतो. त्याच जातीचा नवीन ब्रेक पाईप घातल्यानं गाडीचं ओरिजिनलपण जात नाही. पणजीच्या रॅलीत ज्या गाड्या बघायला आपण पोरांना घेऊन जातो त्यांच्या पुढंमागं गर्दी असते, हे मालकांनी लक्षात घ्यावं.

आरटीओला पण विनंती आहे. टुरिस्ट गाडी ८ वर्षांवर गेली की दरवर्षी फिटनेस लागतं, खासगीला १५ वर्षांनी आणि पुढं दर ५ वर्षांनी. गाडी चालवून ब्रेक मारून बघितला तर भाच्याची जीपसुद्धा त्या दिवशी पास झाली असती. हातात टॉर्च घेऊन खाली वाकून मागच्या ॲक्सलवरचा पाईप बघायला पाच मिनिटं पुरतात, तेवढं नक्की करा. आणि फर्मागुडीच्या आयटीआयत मोटार मेकॅनिक शिकणाऱ्या पोरांच्या हातून डबल फ्लेअर चांगला पक्का करून घ्या, कारण आज गावातल्या गॅरेजात ते टूलच नसतं, म्हणून मेस्त्री ब्रेझिंगकडं वळतो, त्यात एकट्या मेस्त्र्याला दोष देऊन काय होणार. टूल काही हजारातच येतं. सत्तरी, डिचोली, सांग्याकडं कोणाच्या गॅरेजात ते असेल तर त्यांनी बाहेर ठळक बोर्ड लावावा, आम्ही जीपवाले स्वतःच शोधत येऊ.

आपला,
एक वाचक, सत्तरी