सोळा वर्षांच्या रेषेमागचं राजकारण

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार. ऑस्ट्रेलियात सोळा वर्षांखालच्या मुलांना सोशल मीडियाची दारं बंद करताना सत्ताधारी आणि विरोधक इतक्या झटपट एक कसे झाले, असं तू विचारलंस. सगळी चर्चा मुलांच्या मोबाइलभोवती फिरते, त्यामुळे हा प्रश्न मागे पडतो. म्हणून सविस्तर लिहितो.

आधी तारखा बघ. विधेयक मांडलं २१ नोव्हेंबर २०२४ ला. सूचना पाठवायला लोकांना जेमतेम एक दिवस मिळाला, तरी सुमारे पंधरा हजार सूचना आल्या. सिनेट समितीची सुनावणी एका दिवसात उरकली. २७ तारखेला कनिष्ठ सभागृहात १०२ विरुद्ध १३, दुसऱ्या दिवशी सिनेटमध्ये, म्हणजे वरिष्ठ सभागृहात, ३४ विरुद्ध १९ मतांनी ते मंजूर झालं. एवढ्या वेळात पंधरा हजार सूचना कोण वाचणार? मला सगळ्यात जास्त खटकतं ते हेच.

घाईचं कारण कॅलेंडरमध्ये होतं. मे २०२५ पर्यंत निवडणूक घेणं भाग होतं. सत्तेवर आलो तर शंभर दिवसांत वयाची अट आणू, असं तेव्हाचे विरोधी पक्षनेते पीटर डटन यांनी जून २०२४ मध्येच सांगून टाकलं होतं. दक्षिण ऑस्ट्रेलिया राज्याचे प्रीमियर (म्हणजे आपल्याकडचे मुख्यमंत्री) पीटर मालिनाउस्कस यांनी माजी सरन्यायाधीश रॉबर्ट फ्रेंच यांच्याकडून राज्यापुरता अशाच कायद्याचा मसुदाही तयार करून घेतला होता. पंतप्रधान अल्बनीज थांबले असते तर श्रेय दुसरं कुणी घेऊन गेलं असतं. त्यात न्यूज कॉर्प या बड्या माध्यम कंपनीच्या वृत्तपत्रांची याच मागणीसाठी मोठी मोहीम चालू होती. बातम्यांसाठी पैसे देण्याचे करार पुढे चालवणार नाही, असं फेसबुक-इन्स्टाग्रामची मालक कंपनी मेटाने मार्च २०२४ मध्ये जाहीर केल्यापासून वृत्तपत्रं आणि मेटा आमनेसामने होतेच. मोहिमेमागे तेवढंच होतं असं मी म्हणणार नाही. त्यात मूल गमावलेले आईबाप होते आणि त्यांचं दुःख खरं होतं.

आता कायद्याची रचना पाहा, राजकारण तिथेच दिसतं. दंड कमाल ४ कोटी ९५ लाख ऑस्ट्रेलियन डॉलर, पण तो फक्त कंपनीला. मुलाला नाही, पालकालाही नाही. म्हणजे या कायद्यापायी एकाही मतदाराच्या खिशाला हात लागत नाही. पालकांच्या संमतीने सूट देण्याची सोयही ठेवलेली नाही. ती ठेवली असती तर घराघरात ‘तिच्या आईने दिलंय, तू का देत नाहीस?’ हे भांडण तसंच राहिलं असतं. हा भाग मला पटतो. विरोधकांनी मात्र आपल्या खासदारांची धास्ती ओळखून एक अट घालून घेतली: वय सिद्ध करायला सरकारी ओळखपत्र हाच एकमेव मार्ग ठेवता येणार नाही.

मग वय ठरवायचं कसं? कायदा ‘वाजवी पावलं’ उचला एवढंच सांगतो. व्यवहारात तीन मार्ग आहेत. पहिला, कागदपत्र तपासणं. दुसरा, चेहऱ्याच्या फोटोवरून अंदाज. तिसरा, खातं किती जुनं आहे, मित्र कोण आहेत, वापर कोणत्या वेळी होतो यावरून अनुमान. कंपन्या आधी अनुमान काढतात, शंका आली की चेहरा मागतात आणि वाद झाला तर कागद. गफलत नेमकी रेषेजवळ होते. तीस वर्षांचा माणूस सहज ओळखू येतो. पंधरा आणि सतरा यांतला फरक यंत्राला खात्रीने सांगता येत नाही. काही पंधराची मुलं सुटतात, काही सतराची अडकतात. शिवाय बंदी खात्यावर आहे, पाहण्यावर नाही. लॉग-इन न करता यूट्यूब पाहता येतंच, आणि त्या वेळी मुलाच्या वयानुसार लावलेली बंधनंही गळून पडतात.

यूट्यूबचा किस्सा तर बोलका आहे. शिक्षणाला उपयोगी म्हणून आधी सूट मिळाली. इतर कंपन्यांनी भेदभावाची ओरड केली. ई-सेफ्टी आयुक्त (ऑनलाइन सुरक्षेच्या सरकारी नियामक) ज्युली इनमन ग्रँट यांनी सूट काढण्याचा सल्ला दिला आणि जुलै २०२५ मध्ये ती गेली. व्हॉट्सॲप मात्र यादीबाहेर राहिलं, कारण निरोपांच्या देवाणघेवाणीची ॲप्स या कायद्यात धरलेलीच नाहीत. मुलांमधली छळवणूक गटांमधूनही चालते, ती तिथे चालूच राहू शकते.

१० डिसेंबर २०२५ पासून अंमल सुरू झाला. जानेवारीत सरकारने सुमारे ४७ लाख खाती बंद झाल्याचं सांगितलं. हा आकडा वाचताना एक लक्षात ठेव: ती खाती आहेत, मुलं नव्हेत. एका मुलाची चार-पाच खाती असू शकतात.

माझी खरी तक्रार वेगळीच आहे. विधेयक आलं त्याच महिन्यात, नोव्हेंबर २०२४ मध्ये, सरकारने दुसरी एक घोषणा केली होती: कंपन्यांवर काळजी घेण्याचं कायदेशीर बंधन, म्हणजे आपल्या रचनेमुळे होणारी हानी आधीच ओळखून टाळण्याची जबाबदारी. डेलिया रिकर्ड यांनी केलेल्या ऑनलाइन सुरक्षा कायद्याच्या पुनरावलोकनाने ती सुचवली होती. न संपणारी फीड आणि शिफारशींचं यंत्र यांना हात घालायची ताकद तिच्यात होती, आणि तिचा फायदा सोळा वर्षं एक दिवस झालेल्या मुलीलाही मिळाला असता. ते काम किचकट, कंपन्यांशी वर्षानुवर्षं झगडायचं. ते मागे राहिलं आणि आठवड्यात मंजूर होणारं काम पुढे गेलं.

तुझा,
जुना मित्र